टिपणीवरचे लघु-गुरू

साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या इंग्रजी टिपणीवर मी पेन्सिलीनं लघु-गुरूच्या खुणा केल्या आणि ती तशीच फाइलीत लावून त्यांच्याकडे परत पाठवली. टिपणीचा विषय कवितेचा मुळीच नव्हता. एका सरकारी विश्रामगृहाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती, तिची दुरुस्ती ताबडतोब व्हावी, एवढंच साहेबांचं म्हणणं होतं. मी ती वाचून फाइलीत लावायची, बस्स. पण हातात पेन्सिल होती, दुपारची वेळ होती, आणि वर्षभरात त्या हाताला एक खोड लागली होती. शाळेत मराठीच्या तासाला ज्यांनी गण पाडले आहेत त्यांना ती खोड कळेल. ऱ्हस्व अक्षरावर अर्धचंद्र, दीर्घावर आडवी रेघ. यमाचा, मानावा, ताराप, राधिका. वर्तमानपत्र असो, लग्नाची पत्रिका असो, सिनेमाचं तिकीट असो, छापलेला मजकूर दिसला की माझी पेन्सिल त्याच्यावर चंद्र काढत सुटायची. साहेबांच्या टिपणीच्या पहिल्या तीन ओळी मी तशाच सजवून टाकल्या होत्या.

तासाभरानं चपराशी आला. म्हणाला, “साहेबानं बोलावलं. फाइल समोर हाय अन् चष्मा काढून ठेवला हाय.”

आमच्या कचेरीत चष्म्याचं शास्त्र होतं. साहेब चष्मा लावून रागावले तर ते कागदावर, काढून रागावले तर माणसावर.

माझ्या टेबलापासून केबिनपर्यंत एक लांब व्हरांडा होता. तो चालायला मला त्या दिवशी इतका वेळ का लागला, ते आधी सांगायला हवं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि बरीच वर्षं एकाच खुर्चीवर टिकलो होतो. सरकारात हा गुन्हा असतो. उन्हाळ्यानंतर बदल्यांची यादी निघायची, आणि त्या वर्षी आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, पान लावता लावता मला म्हणाले होते, “तुह्यं नाव वरच हाय गा. सिरोंचा.” सिरोंचा म्हणजे आमच्या जिल्ह्यांच्या नकाशाचं शेवटचं टोक. रस्ता, मग जंगल, मग नदी, मग आणखी जंगल. बायको इतवारीतल्या महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. तिची बदली होत नव्हती, माझी टळत नव्हती. एका संसाराच्या दोन चुली होणार, हे उघड होतं. तिनं तर तयारीही केली होती. इतवारीच्या भांडेबाजारातून एक छोटा तवा, दोन ताटल्या, एक पातेलं असं आणून, जुना स्टोव्ह घालून पोतं भरलं होतं आणि ते दाराजवळ ठेवून दिलं होतं. येता-जाता माझा अंगठा त्याला ठेचकाळायचा.

बदली कधीतरी येणार हे ओळखून सुटकेची एक वाट मी दोन वर्षं आधीच धरून ठेवली होती. रामदासपेठेत एक संध्याकाळचं कॉलेज नवं निघालं होतं. तिथले प्राचार्य म्हणाले होते, “तुम्ही इंग्रजीचं एम.ए. करून या. सेकंड क्लास आणा. आम्हाला माणूस पाहिजेच आहे.” मी बाहेरून परीक्षेला बसलो. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाला एक पेपर होता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन साहित्याचा, आणि त्यात एक सक्तीचा प्रश्न: कवितेचा उतारा देणार, त्याचं वृत्त सांगा, अलंकार ओळखा, त्यांनी काय साधलं ते लिहा.

या पेपराची एक गंमत मला फार उशिरा कळली. त्या शतकातल्या अमेरिकन लेखकांना अरण्याचं विलक्षण वेड. ज्याला त्याला सांगत सुटलेले: शहर सोडा, झाडांत जा, एकटे राहा, आत्म्याचं ऐका. आणि मी, ज्याला सरकार फुकटात अरण्यात पाठवायला तयार होतं, तो तिथं जावं लागू नये म्हणून हे सगळं पाठ करत होतो.

अलंकारांची मला भीती नव्हती. ते घरातच सापडत होते. मी बायकोला समजावून सांगायचो, म्हणजे मला समजायचं.

“चेतनगुणोक्ती म्हणजे कसं, पाह्य. निर्जीव वस्तूले जीव आहे, ते माणसासारखी वागते, असं कवी समजते.”

“मंग हा स्टोव्ह रोज सकाळी माह्याशी भांडते, ते का होय?”

“तेच वं, तेच!”

“मले वाटलं, रॉकेल संपलं.”

एकदा मी सूर्यास्ताचं वर्णन वाचत होतो. कवीनं सूर्याला दमलेला मजूर केलं होतं. मी म्हटलं, “ऐक, काय रूपक आहे.” ती म्हणाली, “सूर्याचं तो पाहून घेईन. तुम्ही दुधाकडे पाहा, उतू जाऊन राहिलं.”

भीती होती ती वृत्ताची. कोणी शिकवणारं नव्हतं. एका जुन्या विद्यार्थ्याच्या सायक्लोस्टाइल नोट्स मिळाल्या, त्यात कवितेच्या ओळींवर खुणा होत्या. पाहतो तर काय, अर्धचंद्र आणि रेघ! मला कोण आनंद झाला. म्हणजे अमेरिका आपल्या शाळेतूनच गेलेली. मी त्या दिवसापासून सगळ्या कविता घेऊन बसलो आणि शाळेत शिकलो होतो तसे गण पाडत गेलो. दीर्घ स्वर आला की गुरू. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. अनुस्वार आला, गुरू. एक कविता तर जवळजवळ भुजंगप्रयातात बसली. थोडी ओढाताण केली, एक शब्द जरा लांबवला, दुसरा गिळला, की चपखल. लहानपणी संध्याकाळी दिवा लागला की जे श्लोक म्हणायचो, त्यांच्या चालीवर मी ती अमेरिकन कविता म्हणून पाहिली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, “कोणता देव होय हा?”

तर अशी वर्षभराची मेहनत. आणि त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर माझे दोन कागद एकत्र आले होते. एक ती चंद्र-रेघांची टिपणी. दुसरा, परीक्षेसाठी रजा मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज, ज्याच्यावर आठवडाभर सही होत नव्हती. रजा नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर कॉलेज नाही. मग दाराजवळचं पोतं उचला.

साहेब पुण्याकडचे. शुद्ध बोलायचे आणि शुद्ध रागवायचे. त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान होता, आणि तो सगळ्या कचेरीला ठाऊक होता.

“हे काय आहे?” त्यांनी टिपणी माझ्याकडे फिरवली. “माझ्या इंग्रजीतल्या चुका काढल्यात तुम्ही?”

“नाही सर.”

“मग या वाटीसारख्या खुणा कसल्या? शब्दा-शब्दावर? आमच्या चुका इतक्या की मोजायला जागा पुरली नाही?”

मी खरं सांगून टाकलं. खोटं सुचायलाही डोकं जागेवर लागतं. एम.ए., अमेरिका, वृत्त, सवय, सगळं एका दमात. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, चला, आता निदान कागदावर रागावतील.

“म्हणजे हे माझ्या वाक्याचं वृत्त आहे?”

“हो सर.”

“कुठलं?”

“सर… तसं पक्कं बसलं नाही.”

त्यांनी टिपणी उचलली आणि माझ्या खुणांप्रमाणे वाचायला सुरुवात केली. जिथं रेघ तिथं जोर, जिथं चंद्र तिथं हलकं. “बिल्डिंग” हा शब्द आला. त्याच्या दोन्ही अक्षरांवर माझ्या रेघा होत्या. साहेबांनी दोन्हींवर सारखा जोर देऊन तो असा वाचला की कोणी दोन विटा एकामागून एक जमिनीवर आदळाव्यात. पुढं “इमिजिएट” आला. त्याच्या सुरुवातीच्या तीन अक्षरांवर मी तीन चंद्र काढले होते. साहेब ते तिन्ही चंद्र भरभर ओलांडून शब्दाच्या शेवटावर जाऊन आपटले, आणि थांबले.

“असं कोण बोलतं हो?”

मी मान खाली घालून माझ्याच चंद्रांकडे पाहिलं.

“अहो, इंग्रजीत अक्षर लांब की आखूड याला कोण विचारतो? जोर कुठं येतो ते बघायचं. शब्द बोलताना जीभ कुठं आघात करते, ते.” त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. “आमच्या मिशनच्या शाळेत फादर असे शिकवायचे. बघा.” आणि एक मोठा सरकारी अधिकारी गळक्या टाकीची टिपणी वाचत टेबलावर पट्टी आपटू लागला. बिल्डिंग. पट्टी फक्त ‘बिल्’वर. इमिजिएट. पट्टी फक्त ‘मि’वर.

मला एकदम सगळं समजलं. खुणा त्याच होत्या, पण अर्थ वेगळा. अमेरिकेत चंद्र म्हणजे ऱ्हस्व नव्हे, चंद्र म्हणजे जोर नसलेलं अक्षर. वर्षभर मी ज्या कविता खुणा करून करून पाठ केल्या, त्या सगळ्याच्या सगळ्या चुकल्या होत्या. भुजंगप्रयात गेला. आणि परीक्षा तोंडावर.

“सर, माझा रजेचा अर्ज…”

“तो राहू द्या इथं,” साहेब म्हणाले. “आणि उद्यापासून माझा इंग्रजी ड्राफ्ट टाइपला जायच्या आधी तुम्ही केबिनमध्ये येऊन मला मोठ्यानं वाचून दाखवायचा.”

ही शिक्षा आहे, याबद्दल मला शंका नव्हती. बडेबाबूंनाही नव्हती. “साहेब तुले रोज वाचायले लावून तुह्यी चूक पकडीन,” ते म्हणाले, “अन् मंग सिरोंचाच्या हुकुमावर कारण लिहीन. मोठे लोक असेच करतेत.”

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती गव्हातले खडे निवडत होती. म्हणाली, “मंग आता?”

“आता सगळं पहिल्यापासून.”

“सगळं?”

“सगळं.”

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. “पोत्यात एक सांडशी राहिली होती. उद्या आणून ठेवतो.” आमच्याकडे बायकाही ‘आणतो, ठेवतो’ म्हणतात. पण त्या दिवशी तिच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता, त्यानं मी जास्त घाबरलो.

जोर ऐकायला कान लागतो, आणि माझा कान लघु-गुरूवर वाढलेला. मदत आली ती मोरीतल्या नळाची. सकाळी नळ यायचा, म्हणजे पाणी यायचं, आणि तेवढा वेळ आमचा मोरीतला नळ बंद केला तरी गळायचा. खाली पत्र्याची बादली. टप्… टप्… टप्. बायको हिवाळ्यापासून म्हणत होती, वायसर बदला. मी म्हणत होतो, बदलतो. आता मी पुस्तक घेऊन त्या नळासमोर पाट टाकून बसू लागलो. थेंब पडला की जोराचं अक्षर आलं पाहिजे, मधली अक्षरं त्या दोन थेंबांच्या फटीत कोंबायची. हळूहळू जमायला लागलं. एखादी ओळ सुंदर बसायची, टप् आणि शब्द बरोबर एका क्षणाला, आणि अंगावर काटा यायचा. एप्रिलातलं नागपूर, सकाळीच भिंती तापलेल्या, डोक्यावर ओला पंचा, आणि मी बादलीच्या तालावर बर्फ पडण्याची कविता म्हणतोय.

“वायसर आणलं का?” बायको विचारायची.

“परीक्षा झाल्यावर. आत्ता नळ दुरुस्त केला तं मी नापास होईन.”

“नळ शिकवून राहिला तुम्हाले?”

“हो.”

“मंग त्यालेच बसवा परीक्षेले.”

दुपारी केबिनमध्ये वाचन. मी ड्राफ्ट वाचायचो, साहेब डोळे मिटून ऐकायचे. कधी मान हलवायचे, कधी म्हणायचे, “हे वाक्य पुन्हा.” मी पुन्हा वाचायचो आणि मनात शोधत राहायचो की चूक कुठं झाली. एकदा तर त्यांनी रस्त्याच्या खडीबद्दलचं एक साधं वाक्य तीनदा वाचायला लावलं आणि नुसतं “हं” म्हणाले. त्या “हं”चा अर्थ लावण्यात माझी दोन दिवसांची भूक गेली. अर्जाचा विषय काढायची हिंमत होत नव्हती. पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चपराशी अर्ज घेऊन आला. कोपऱ्यात सही होती. एक शब्द जास्त नाही.

अमेरिकन पेपराच्या दिवशी मी हॉलमध्ये बसलो, उतारा वाचला, आणि लक्षात आलं की इथं नळ नाही. डोक्यात थेंब पडेना. अक्षरं नुसती रांगेत उभी. मी नकळत बोटानं बाकावर ठोकायला लागलो. टक्… टक्… टक्.

पर्यवेक्षक येऊन उभे राहिले. “काय इशारे सुरू आहेत?”

“इशारे नाही सर. वृत्त आहे.”

“कोणाले देऊन राहिले?”

“कोणालेच नाही सर. स्वतःलेच.”

“हात वर ठेवा. दोन्ही. दिसले पाहिजे.”

मी दोन्ही हात उत्तरपत्रिकेवर पसरले. ते पलीकडच्या रांगेत जाऊन थांबले, पण तोंड माझ्याकडेच. शेवटी मी चपलेतल्या पायाच्या अंगठ्यानं सुरुवात केली. तोच अंगठा, पोत्याला ठेचकाळलेला. तो दुखत होता, त्यामुळे जोर नेमका कळत होता. दुसऱ्या कडव्याच्या खुणा झाल्या. मागं पाहतो तर अंगठ्याच्या आधी केलेल्या पहिल्या कडव्यावर सवयीनं लघु-गुरूच पडले होते! शाईनं. खोडलं असतं तर पान काळं झालं असतं.

मग मी एक वेडेपणा केला. खोडलं नाही. बाजूला लिहिलं की आमच्याकडे अक्षराचं वजन लांबीवर ठरतं, यांच्याकडे आघातावर. पहिलं कडवं आमच्या काट्यावर तोललं आहे, दुसरं त्यांच्या, आणि दोन्हींत काय फरक पडतो तो असा. आता उदाहरण द्यायचं तर घामानं भिजलेल्या डोक्यात एकच वाक्य पाठ होतं. अमेरिकन कवितेच्या पेपरात मी विश्रामगृहाच्या गळक्या टाकीचं वाक्य लिहून आलो.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, “टाकीचं लिवलं? अमेरिकेच्या पेपरात?” त्या आठवड्यात मी तिला पोत्याचं तोंड सुतळीनं शिवताना पाहिलं.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास होतो. थर्ड क्लास. मार्क आले तेव्हा कळलं की अमेरिकेनं मला नीट वागवलं होतं. त्या पेपरात चांगले मार्क होते. बुडवलं ते इंग्लंडच्या जुन्या पेपरांनी, ज्यांच्याकडे मी नळासमोर बसून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्राचार्यांनी चहा पाजला, अभिनंदन केलं, आणि म्हणाले की सेकंड क्लास असता तर.

दुसऱ्या दिवशी बदल्यांची यादी आली. मी टेबलावरून उठलो नाही. बडेबाबूच ती घेऊन माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले, आणि पानाचा डबा उघडला. त्यांना काही वाईट सांगायचं असलं की ते आधी पान द्यायचे.

“सांगून टाका,” मी म्हटलं.

“तुह्यं नाव नाही.”

“नीट पाहा.”

“पाह्यलं ना. होतं. साहेबानं स्वतः खोडलं.” त्यांनी कात लावला, चुना लावला. “म्या विचारलं, साहेब, याले काहून ठेवून राहिले? तं म्हणते, याला पाठवला तर माझे ड्राफ्ट वाचून कोण दाखवणार? टायपिस्ट वाचतो तो दळण दळल्यासारखा. हा वाचतो तेव्हा मला माझं इंग्रजी ऐकू येतं.”

मी पान तोंडात घातलं आणि चावायचं विसरलो. म्हणजे ते मान हलवणं, ते “पुन्हा वाचा”, तो “हं”. ते चूक शोधत नव्हते. ते गाणं ऐकत होते. मी वेड्यासारखा उगाच भूक घालवून बसलो होतो.

इतवारीच्या गल्लीत हातगाड्या अडकल्या होत्या. त्यांच्यामधून अंग चोरत घरी आलो. बायको शाळेतून नुकतीच आली होती, पदरानं मान पुसत होती. मी दारातच सांगितलं. थर्ड क्लास, कॉलेज नाही, यादीत नाव नाही, आणि का नाही तेही सगळं.

ती पोत्यापाशी बसली, सुतळी दातानं तोडली, छोटा तवा बाहेर काढला, पदरानं पुसला आणि मोठ्या तव्याच्या शेजारी खिळ्याला अडकवला. मग मोरीकडे बघत म्हणाली, “सालभर अमेरिका पालथी घातली तुम्ही, अन् बदली थांबवली गळक्या टाकीनं. आता पेन्सिल घ्या अन् आपल्या या नळावरबी चार खुणा करून द्या. नाही तं वायसर आणा.”